मुरुमची पाशा पार्टी

मुरुमला मशिदीमागच्या बोळात पाशामियाँ पिंजाऱ्याचं घर होतं. थंडी पडायच्या आधी लोक जुन्या गाद्या-उशा त्याच्या ओट्यावर आणून टाकत आणि तो कमानीची तात छेडत कापूस पिंजत बसे. पण परक्या माणसानं 'काय करता?' म्हणून विचारलं तर तो पिंजाऱ्याचं नाव काढायचा नाही. "आमची गान्याची पार्टी हाय," म्हणायचा.

पार्टी खरंच होती, तिघांची. पाशामियाँ गायचा, तेलाच्या घाण्यावरचा महांतप्पा ढोलकी वाजवायचा आणि वीरभद्र पेटी. नळदुर्गची जत्रा असो की आळंदचा उरूस, तिघं बैलगाडीत बसून निघायचे. गाणी पाशामियाँनं स्वतः रचलेली. सगळ्यांत गाजलेलं होतं सासू-सुनेचं. त्यात सून मराठीत रडायची, सासू कानडीत खेकसायची आणि सोडवायला आलेला शेजारी दखनी उर्दूत दोघींचा मार खायचा. सासू व्हायचा महांतप्पा. ढोलकी न थांबवता तो मान वर करून असा काही कडाडायचा की बायका तोंडात पदर कोंबून हसत. त्या मुलखात तिन्ही बोली सगळ्यांच्या कानावरच्या. कुणाला काही समजावून सांगावं लागत नसे.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अ‍ॅक्शननंतर पाशामियाँ कितीतरी महिने घराबाहेर पडला नव्हता. त्याचा थोरला भाऊ त्या दिवसांत गेला, कसा ते तो कधी बोलला नाही. महांतप्पानंच एक दिवस दारात गाडी उभी केली. "चल पाशाभाई. तू न्हाय आलास तर सासू भांडंल कुनाशी?" पाशामियाँ गाडीत बसला, तेव्हापासून तो गाण्याला धरूनच राहिला.

पुढं एका उरुसात हैदराबादच्या रेडिओवरच्या एका साहेबानं त्यांचं गाणं ऐकलं. "या हैदराबादला, रेडिओवर घेऊ," म्हणाला. सहज बोलला असेल, पण पाशामियाँच्या डोक्यात ते घर करून बसलं. जत्रेत ऐकतात ती माणसं सकाळी विसरून जातात. रेडिओवर आलं की सगळा मुलूख ऐकतो, असं तो म्हणू लागला. तिघं हैदराबादला गेले. साहेब रजेवर होता. दुसऱ्यांदा गेले तेव्हा, पुढच्या साली बोलावू, असं उत्तर मिळालं.

पुढच्या साली हैदराबाद राज्यच मोडलं. मुरुम मुंबई राज्यात गेलं, आळंद म्हैसूरकडं. हैदराबादच्या रेडिओच्या खिडकीतला माणूस गोड बोलला. "तुमचा जिल्हा आता तिकडं गेला. तुमी मुंबईकडंच बघा."

मग मुंबई. तिथल्या एका रेकॉर्ड कंपनीत त्यांना गाऊ दिलं हेही खूप झालं. सासू-सुनेचं गाणं ऐकून कंपनीचा माणूस हसला, अगदी मनापासून हसला, आणि म्हणाला, "मजा आली. पण हे कुठल्या भाषेत आहे?"

"आमच्याकडच्या," पाशामियाँ म्हणाला.

"मराठी रेकॉर्ड मराठीच्या फळीवर जाते, कानडी कानडीच्या. ही मी कुठं ठेवू?"

परतीच्या वाटेवर सोलापूरच्या फलाटावर बसल्या-बसल्या पाशामियाँनं ठरवून टाकलं. गाणी निव्वळ मराठीत करायची.

"मग सासू काय बोलंल?" महांतप्पानं विचारलं.

"मराठी बोलंल."

"तिला येत न्हाय की."

वीरभद्र हसला. पाशामियाँ हसला नाही.

शाळेतल्या रामकिसन गुरुजींनी गाण्यांची भाषा नीट करून दिली. पाशामियाँनं ती घोकली. कापूस पिंजतानाही 'न्हाय'चं 'नाही' करत बसायचा. जत्रांतून नवं गाणं म्हणू लागला तसे लोक मधेच ओरडत, "सासू कुठं गेली?" आळंदकडची बोलावणी थांबली. नळदुर्गलाही पुढं पुढं कुणी थांबून ऐकेना, कारण शेजारच्या तंबूत लाऊडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागायची. खातूनबी, त्याची बायको, एकदा म्हणाली, "पहिलेवालाच गाओ ना जी. लोगां हँसते थे."

"हसनाऱ्यांसाठी किती दिवस गायचं?" तो म्हणाला.

पुण्याच्या रेडिओनं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा चाचणीत पास झाला. पास झाला एकटा पाशामियाँ. रेडिओवर तेव्हा पेटी चालत नसे आणि ढोलकीला त्यांचा स्वतःचा माणूस होता. वीरभद्र पेटी मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पाशामियाँ दारात घुटमळला.

"जा," महांतप्पा म्हणाला. "एवढ्यासाठीच आलो न्हव्हं का? आमी हितंच हाव."

तो आत गेला. काचेपलीकडून कुणीतरी बोट वर केलं, तसा तो गायला. बाहेर आल्यावर महांतप्पानं विचारलं, "कशी झाली सासू?"

"बरी झाली," पाशामियाँ म्हणाला आणि चपला शोधू लागला.

गाणं लागायच्या संध्याकाळी ग्रामपंचायतीपुढं गर्दी जमली होती. पाशामियाँ धुतलेला सदरा घालून पुढं बसला होता. रेडिओ खरखरला, नाव पुकारलं ते त्या खरखरीतच गेलं आणि गाणं सुरू झालं. स्वच्छ, बेताचं, कुठं न अडखळणारं गाणं. लोक मुकाट्यानं ऐकत राहिले. ते संपलं, रेडिओवरची बाई शेतीच्या गोष्टी सांगू लागली, तेव्हा मागून एक म्हातारा म्हणाला, "आता पाशामियाँचं कवा लागायचं?"

कुणी हसलं नाही. पाशामियाँ उठला आणि घरी गेला. खातूनबीनं शेजारच्या भिंतीआडून गाणं ऐकलं होतं. "आवाज तो तुमाराच था," ती म्हणाली. "गाने वाला कौन था मालूम नै पड्या."

रेडिओनं पुन्हा बोलावलं नाही. वीरभद्रानं पेटी भजनी मंडळाला देऊन टाकली. महांतप्पाचा घाणा गिरणीपुढं टिकला नाही. तो आळंदला लेकीकडं राहायला गेला. पाशामियाँ मात्र एकटाच पुण्याला जात राहिला. जन्मभर कापसाची धूळ छातीत गेली होती, तिचा खोकला मागं लागला. एका चाचणीत दुसऱ्याच ओळीला उबळ आली ती थांबेचना. त्यांनी पाणी दिलं, बसवलं आणि दवाखान्यात दाखवा म्हणाले.

त्या पौषात महांतप्पा मुरुमला आला. दोघं ओट्यावर बसले. महांतप्पाशी आता मोठ्यानं बोलावं लागायचं.

"म्हन की जुनं," तो म्हणाला. "मी हाय न्हव्हं."

पाशामियाँनं तोंड उघडलं. सुनेची पहिली ओळ निघाली, पण मराठी गुरुजींचीच होती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच शब्द आले. जुने कुठले होते ते त्याला आठवेनात. महांतप्पाला नीट ऐकू येत नव्हतं, तो मांडीवर ठेका धरून आपली पाळी यायची वाट बघत राहिला. मग पाशामियाँला खोकला आला.

खातूनबीनं चहा आणून ठेवला. महांतप्पा तो बशीत ओतून प्याला, आळंदची मोटार गाठायची म्हणून उठला, आणि पाशामियाँ त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला.