काकाजींचं बिनपाण्याचं गवत

"हात मागे घ्या!"

आमच्या कॉलनीच्या बागेत पाऊल टाकलं की हा हुकूम कानावर यायचा. काकाजी स्वतः दोन्ही हात पाठीमागे गुंफून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे, त्या गवताभोवती चकरा मारत असायचे. येणाऱ्यानंही तसंच फिरावं अशी त्यांची अपेक्षा. काही उपटायचं नाही, काही रोवायचं नाही, आणि पाणी तर मुळीच घालायचं नाही. "तुम्ही फक्त काही करू नका," म्हणायचे, "बाकी सारं गवत पाहून घेते."

आता तुम्हीच सांगा, बागेत जाऊन काही करायचं नाही तर माणसानं करायचं काय?

काकाजी म्हणजे आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे रेल्वेतले निवृत्त मुकादम. मूळचे भंडाऱ्याकडचे. रुळांची निगा राखणाऱ्या टोळीवर त्यांची सारी नोकरी गेली. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, पण माझ्या घरात मी मराठीत बोलते नि पोरं हिंदीत उत्तर देतात. त्यामुळे काकाजी दिसले की मी हातातलं काम टाकून थांबायची. "जयभीम ताई," म्हणायचे, आणि मग अर्धा तास गवत. दुसरा विषय नाही.

या गवताची कथा अशी. तेलीबांध्याच्या तळ्यापलीकडे आमची कॉलनी नवीनच वसलेली. बिल्डरनं बागेत विकतचं लॉन लावून दिलं होतं. दिसायला गालिचा, पाणी प्यायला हत्ती. एप्रिल लागला की बोअर आटायची, टँकर यायचा, आणि आम्ही बादल्या मोजत बसायचो तेव्हा निम्मा टँकर या गालिच्याच्या पोटात जायचा. शेवटी मीटिंगमध्ये अध्यक्ष म्हणाले, "टाइल्स लगवा देते हैं, झंझट खतम." मी कमिटीत होते, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. मीही हात वर केला.

काकाजी उभे राहिले. "एक उन्हाळा द्या मले. पाणी न पाजता गवत जगवून दाखवतो. नाही जगलं तर टाइल्सचं पहिलं घमेलं मीच उचलतो."

"कौन सी घास, अंकल?"

"मारवेल. देसी आहे. रुळाकडं होते. साऱ्या नोकरीत हेच तर उपटत होतो."

सगळे हसले. मी विचारलं, "काकाजी, जन्मभर उपटलं ते आता काहून लावून राहिले?"

"मलेही नीट समजत नाही, ताई. खडी अशी तापायची की बुटातून पाय भाजायचे. पाण्याचा थेंब नाही. अन् पावसाळा आला की हे पुन्हा हजर. आम्ही पुन्हा उपटायचो. याले एकदा कोणी राहू द्यावं, असं वाटते."

"पण बागेत जगेल का?"

"कोणाले माहीत! मी रुळाकडं पाहिलं, बागेत थोडीच पाहिलं."

असा हा भरवसा देणारा माणूस. तरी एक उन्हाळा मिळाला त्यांना.

पावसाळ्यात त्यांनी गावाबाहेरून पोत्यांमधून गवताचे ठोंब आणले आणि आमच्या त्या लाल मुरमाड जमिनीत लावले. दिवाळीपर्यंत गवत गुडघ्याला लागलं, जांभळट तुरे आले. कापलेलं गवत दूधवाल्याच्या म्हशीनं असं खाल्लं की तो रोज विचारायला लागला, "और है क्या?" मग हिवाळ्यात काकाजींच्या घरच्या, आमच्या काकी, गेल्या. त्यांचं आजारपण असं नव्हतंच, दोन दिवसांत सगळं आटोपलं. पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी पुन्हा बागेत, हात मागे. मी उगाच म्हटलं, "काळजी घ्या." ते म्हणाले, "हव." बस, एवढंच.

त्यांनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "उन्हाळ्यात हे वाळून जाते. पानं वाळतात, मुळं पडून राहतात. घाबरू नका." मार्चमध्ये ते वाळायला लागलंही. पण एप्रिलमध्ये काय झालं कोण जाणे, पुन्हा हिरवं! मे महिन्यात तर ऊन असं की कावळा बाहेर पडेना, आणि आमचं गवत हिरवंगार. अध्यक्षांना आनंद मावेना. "अंकल, आप तो जीत गए!" म्हणून त्यांनी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. फोटोत सगळे हसताहेत आणि काकाजींचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"हे हिरवं काहून आहे?" एवढंच ते विचारत राहिले.

आधी त्यांना वाटलं, खालून पाइप फुटला असेल. प्लंबर बोलावून खणायला लावलं. पाइप कोरडा ठणठणीत. मग वाटलं, हे मारवेल नसेलच. एक काडी तोडून चावून पाहिली, मान हलवली. मग स्वतःवरच शंका घ्यायला लागले. "मले ओळखू येणं बंद झालं काय, ताई?"

माझं डोकं फिरलं. मी मुळात सोशिक नाहीच. "अहो काकाजी, पदरी पडलं पवित्र झालं म्हणावं! जिंकले ना तुम्ही? टाइल्स टळल्या. आता काहून तोंड पाडून बसले?"

"नाही जिंकलो. पाणी कुठून तरी येऊन राहिलं. हे खरं नाही." आणि अध्यक्षांकडे जाऊन म्हणाले, मी हरलो असं समजा. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले, मी अध्यक्षांकडे. जिंकलेल्या माणसाला समजवायचं कसं, हे आमच्या कोणाच्याच अनुभवात नव्हतं.

मग काकाजींनी खुर्ची बागेत आणून ठेवली. डोक्याला गमछा, शेजारी पाण्याची बाटली, पहाटेपासून दिवे लागेपर्यंत पहारा. काही दिवसांनी माझ्या दाराची घंटी वाजली. दारात काकाजी, चेहरा नुसता फुललेला. "ताई, खुशखबर! गवत वाळून राहिलं!"

ऊन लागलं म्हातारबुवांना, असं म्हणत मी आधी त्यांना पंख्याखाली बसवलं आणि कैरीचं पन्हं पाजलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या साहू दीदी बादली घेऊन खाली उतरल्या. बाई इथल्याच, छत्तीसगढी बोलणाऱ्या, जिभेला धार आणि मनानं लोणी. मी बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होते, मला सगळं दिसत होतं. सरळ काकाजींसमोर जाऊन म्हणाल्या, "कका, तोर घास मरत हे! थोरकुन पानी डार दंव का?"

काकाजी खुर्चीतून उठले. "म्हणजे याआधीही टाकत होती काय तू?"

"हव." लाज नाही, शरम नाही. "मैं अकेल्ली नइ. सब्बो झन."

म्हणजे सगळेच! मी धावत खाली गेले. हळूहळू एकेकाचं बाहेर आलं. कोणी तांदूळ धुतलेलं पाणी ओतत होतं, कोणी कूलरमधलं उरलेलं, कोणी फिल्टरचं वाया जाणारं. पहाटे फिरायला म्हणून निघणारे खुद्द अध्यक्ष एक तांब्या रिकामा करून जात होते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. मला मात्र कोणी काही सांगितलं नव्हतं, त्याचा राग मला अजून आहे.

"अरे पण काहून?" काकाजींचा आवाज चढला. "हात जोडून सांगितलं होतं ना मी!"

साहू दीदींनी पदरानं घाम पुसला. "काकी गुजर गिस. अब घास घलो मर जाही त तैं का करबे?"

काकी गेली, आता गवतही मेलं तर तू काय करशील? काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागवावं की रडावं हे त्यांना कळेना, आणि आम्हालाही. शेवटी म्हणाले, "बादली खाली ठेव, बाई. जड असेल."

कमिटीनं आणखी एक उन्हाळा दिला. या वेळी अध्यक्षांनीच प्रस्ताव मांडला. काकाजी घरोघर गेले. "दया करू नका. माझी शपथ आहे. एकदा खरं काय ते पाहू द्या मले." सगळ्यांनी शब्द दिला. साहू दीदींनी दोनदा दिला.

पण फाल्गुनात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिकडून मला फोन यायचे.

"वाळलं का?"

"वाळलं."

"सारं?"

"सारं. केरसुणीसारखं झालं."

"बढिया!"

"अहो, तब्येतीचं सांगा ना!"

"तिचं काय, होऊन राहिलं."

एकदा मी धीर करून विचारलं, "काकाजी, हे आतून खरंच जिवंत आहे ना? मला तर काही कळत नाही." म्हणाले, "मले तसं वाटते, ताई. पाऊस येऊ द्या." याचा अर्थ हो की नाही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. सकाळी काकाजी गेले.

दुसऱ्या दिवशी साहू दीदी न्हाऊन, ओल्या केसांनी, पितळेचा लोटा भरून खाली आल्या. त्यांच्या गावाकडे घरचं माणूस गेलं की दहा दिवस त्याच्या नावानं पाणी देतात. काकाजी बौद्ध, त्यांच्यात हे नाही, मला माहीत होतं. ओठावर आलं होतं, पण कोणत्या तोंडानं सांगणार? त्या गवताच्या काठाशी येऊन उभ्या राहिल्या. पायाखाली काड्या कडकड मोडत होत्या. मला वाटलं, आता ओतणार. खरं सांगते, ओतावं असंच मला वाटत होतं. आता कोण अडवणार होतं?

त्या थांबल्या. लोटा छातीशी धरला आणि माझ्याकडे वळल्या. "इहां नइ डारंव, दीदी. इहां डारहूं त कका हार जाही."

इथं ओतलं तर काका हरेल. मला तिथंच रडू फुटलं. गवत जिवंत आहे की मेलं, हे विचारायला आता कोणी उरलेलं नाही, आणि पाऊस अजून यायचाय. साहू दीदी मात्र लोट्यावर तळहात धरून, एकही थेंब गवतावर पडू नये म्हणून कडेकडेनं पावलं टाकत, त्या उन्हात तळ्याकडे निघून गेल्या.