पाठ बाबांची, नाक दुसऱ्याचं

"हा आमचा रंग कालवणारा."

खिदिरपूरच्या गोदीवरच्या एका कचेरीत भिंतीवरच्या चित्राचा पडदा सरकला आणि मास्तरांनी पाहुण्यांना माझी ओळख अशी करून दिली. पाहुणे हसले. मीही हसलो. त्या भिंतीवरचे अकरा हमाल मी काढले होते. आधी कागदावर खाका, मग रेषेवर सुईनं भोकं, मग कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून भिंतीवर ठिपके उमटवायचे. सगळं मीच. खाली सही मास्तरांची.

स्वातंत्र्य नवं होतं. मास्तर पुण्याचे. कलकत्त्यात आपल्या भाषेचा माणूस भेटला म्हणून चित्रं शिकायला मी त्यांच्या पायाशी बसलो. आमची जात त्यांना ठाऊक होती. "कलेला जात नसते," म्हणायचे. मी ते खरं मानलं.

माझे बाबा गोदीत पोती वाहायचे. तीन रविवार ते पाठीवर पोतं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. हुबेहूब उतरले. मास्तरांनी खाका पाहिला.

"पाठ झकास आहे. पण असलं तोंड भिंतीवर नको. नाक सरळ कर. रंग उजळ घे."

मी केलं. माझ्याच हातानं.

समारंभाला बाबा धुतलेला सदरा घालून आले. भिंतीजवळ जाऊन शोधत राहिले.

"यातला मी कुठला रं?"

मी बोट दाखवलं.

"ह्यो? ह्यो तर बामनाचा जावई दिसतोय!" बाबा मोठ्यानं हसले.

मास्तर वळले. "हे कोण?"

"गोदीतले आहेत," मी म्हणालो. "ओळखीचे."

बाबांचं हसू थांबलं. "येतो, साहेब," असं मला म्हणाले, हात जोडले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हावड्याच्या नव्या भिंतीसाठी कागद पुढे टाकला. "तोंडं कालच्यासारखीच."

"माणसांची असतील तशीच काढीन. आणि खाली नाव माझं."

"अरे, मी घडवलं तुला!"

"घडवलंत. आणि माझ्याकडून माझा बाप पुसून घेतलात."

सुई ठेवली. बाहेर पडलो.

मास्तरांनी दगा दिला, हे सांगणं सोपं आहे. 'ओळखीचे' हा शब्द मात्र माझा होता. बाबांच्या मरणापर्यंत आमच्यात त्या चित्राचा विषय निघाला नाही. मी निघू दिला नाही.

तो चेहरा खोटा आहे, खरवडून खरा काढू द्या, असं मी कचेरीला लिहिलं. दोनदा. उत्तर नाही. सोमवारी कचेरी उघडली की मी पटाशी घेऊन आत जाणार. अडवणाऱ्यांनी अडवावं. कोण लागतो हा तुमचा, असं विचारावं. या वेळी उत्तर बरोबर देईन.