कच्चा डाग

उकंडरावांच्या मशीनला दातखीळ बसायला लागली ती भीमजयंतीच्या बरोबर आठ दिवस आधी. हे ऐकून अख्ख्या अनसिंगात एकाच माणसाला मनापासून बरं वाटलं, आणि ते माणूस म्हणजे त्यांचीच चुलत भावजय बेबीबाई. तिने ते लपवलंही नाही. गहू निवडता निवडता नवऱ्याला म्हणाली, बरं झालं.

मशीन म्हणजे लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर. तो आपण स्वतःच्या हातांनी बांधला, हे उकंडराव इतक्यांदा ऐकवत की पारावरच्या कुत्र्यांनाही पाठ झालं असेल. मोडक्या रेडिओंचे भाग, टिनाचा डबा आणि अकोल्याच्या जुन्या बाजारातले व्हॉल्व्ह. बांधण्यामागचं कारण मात्र खरं होतं, ते बेबीबाईही मान्य करायची. वाशीमचा एक लाउडस्पीकरवाला मशीन भाड्याने द्यायचा, पण ती विहारातून परत गेली की गड्याकडून फडक्याने पुसून घ्यायचा, तेही आमच्या माणसांच्या देखत. मग वस्तीने वर्गणी काढली, उकंडरावांनी डबा बांधला, आणि दोन जयंत्या त्या डब्याने गाजवल्या. इथवर ठीक होतं. पण तेव्हापासून उकंडराव रस्त्यानेही असे चालायचे की खिशातला टेस्टर समोरच्याला दिसलाच पाहिजे.

यंदा, म्हणजे शहात्तर साली, दुसरा भोंगा घेतला. दोन भोंग्यांना जुनी ताकद पुरेना, म्हणून उकंडरावांनी अकोल्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर आणि दोन नवे व्हॉल्व्ह आणून बसवले, आणि मशीन बिघडली. बरं, सरळ बिघडावी तर तेही नाही. लाल दिवा चालू, भोंग्यांत घरघर चालू, आणि बोलणाऱ्याचा आवाज मध्येच गडप. कधी दोन मिनिटांनी, कधी तासाने. मग टेबलाला कुणाचा धक्का लागला की पुन्हा बोलायला लागायची.

मग जो तो अकलेचे तारे तोडू लागला. विहार समितीचे अध्यक्ष माणिकराव म्हणाले, ट्रान्सफॉर्मर अमावस्येला आणला होता. मग आपण कशाचे अध्यक्ष आहोत ते आठवून खोकले. वायरी ओढणारा जगदेव म्हणाला, पिठाची गिरणी वीज खाते. त्याच्या सांगण्यावरून गिरणी एक दिवस बंद ठेवली. बायका बिनपिठाच्या राहिल्या आणि मशीन त्याही दिवशी तीनदा मुकी झाली. उकंडरावांनी माइक बदलला, भोंगे बदलले, पुन्हा अकोल्याला जाऊन व्हॉल्व्ह बदलून आणले आणि येताना दुकानदाराला चोर म्हणून आले. तपासलं नाही ते फक्त स्वतःच्या हातचं काम. त्याकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती.

बेबीबाईला दुखणं पहिल्याच दिवशी कळलं होतं, विहाराबाहेर उभ्या उभ्या, नुसतं ऐकून. बोलतो, गप्प होतो, धक्का लागला की बोलतो, असे रेडिओ तिने पुण्यात ढिगाने पाहिले होते. लग्नाआधी चार वर्षं ती खडकीला मावशीकडे राहून रेडिओच्या एका कारखान्यात कामाला जायची. लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना पोरी, प्रत्येकीच्या हातात विजेवर तापलेली सळई. तारेच्या टोकावर कथील वितळवून डाग द्यायचा, फुटक्या भांड्याला देतात तसाच, फक्त ज्वारीच्या दाण्याएवढा. तिच्या हातून दिवसाला आठशे डाग व्हायचे. सळई नीट तापली नसली की डाग वरून धरलेला दिसतो आणि आत तार मोकळीच राहते. अशा डागाला तिथे कच्चा डाग म्हणत, आणि ज्या पोरीच्या हातून तो व्हायचा तिला बोलणी खावी लागत.

ही विद्या घेऊन ती अनसिंगला नांदायला आली, आणि इथे डाग या शब्दाचा दुसराच अर्थ तिच्या वाट्याला आला. शहरात राहिलेली पोरगी, कमावणारी पोरगी. हा अर्थ पहिल्यांदा लावला तो उकंडरावांनीच. रेडिओ कुठे बायका बनवतात का, बेबी पुण्यात काय करत होती ते आम्हाला विचारा, असं ते पारावर डोळा बारीक करून सांगायचे. विचारलं तरी पुढे काही सांगत नसत, कारण सांगायला काही नव्हतंच. अकरा वर्षं हे चाललं. नवरा देवमन रेल्वेत गँगमन. रूळ उचलायचा, पण भावासमोर मान उचलणं त्याला कधी जमलं नाही. बेबीबाईला त्याची कीव यायची आणि संतापही. ज्या तोंडाने हे गावभर केलं, त्याच तोंडाने ते चारचौघांत निस्तरावं, एवढंच तिला हवं होतं.

जयंती दोन दिवसांवर आली तेव्हा माणिकरावांनी सांगून टाकलं, उद्या दुपारपर्यंत मशीन सुधारली नाही तर वाशीमवाल्याकडे माणूस पाठवतो. मग कुठे उकंडरावांना भावजय आठवली. आधी बायकोला, लिलाबाईला, वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने पाठवून अंदाज घेतला. मग स्वतः आले, मागच्या दाराने, मशीन चादरीत गुंडाळून. म्हणाले, तिकडं कारखान्यात तू असलं काही पाहिलं असशील तर बघ जरा, कुणाला सांगायचं काम नाही. अकरा वर्षांत न पटलेला कारखाना त्यांना आज एका दुपारीत पटला होता.

"पाहीन मी," बेबीबाई म्हणाली. "पन इथं नाई. विहारात पाहीन, साऱ्यायच्या समोर. अन् हे गाठोडं पुढच्या दारानं घेऊन जा."

उकंडराव तणतणत गेले. पण त्या गड्याचं फडकं त्यांनाही विसरता येत नसावं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मशीन विहारातल्या टेबलावर होती, आणि बोलावणं घेऊन देवमन घरी आला.

बेबीबाई स्वयंपाकातला लाकडी चाटू घेऊन गेली. भाजी ढवळायला आली का, असं जगदेव म्हणाला आणि चारदोन जण हसले. तिने पेचकस मागून घेतला, डब्याचं झाकण उघडलं, मशीन चालू केली आणि माइक उकंडरावांच्या हातात दिला. आवाज कुठे तुटतो ते कळायला आवाज सतत हवा, हे तिने त्यांना शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. उकंडराव आकडे म्हणू लागले. विहाराच्या छपरावरचा एक भोंगा स्टेशनकडे, दुसरा बाजाराकडे तोंड करून होता; सगळं गाव त्यांची उजळणी ऐकत होतं. लाकडातून वीज येत नाही, म्हणून बेबीबाई चाटूच्या टोकाने एकेक डाग हलकेच ठोकत गेली. चव्वेचाळीसला टोक ट्रान्सफॉर्मरच्या तारेवर लागलं आणि उकंडरावांचा आवाज भोंग्यांतून गडप झाला. पुन्हा ठोकलं तर सत्तेचाळीस ऐकू आलं. बेबीबाईने हे आणखी तीनदा केलं. एकदा केलं तरी पुरलं असतं.

"डाग कच्चा हाय," ती म्हणाली.

उकंडराव एकदम भडकले. "कोनाले डाग म्हनून राह्यली तू?"

"तुमच्या हातचा हाय. पाहा."

तिने मशीन बंद केली आणि ती तार नखाने उचलली. तार कथलाच्या दाण्यातून अलगद निघून आली. मग तिने उकंडरावांचीच सळई पुरती तापू दिली, तार खरवडून कथील धरावं म्हणून राळ लावली आणि डाग दिला. शेजारचे पाच डागही उकलून नव्याने दिले, कारण तेही त्याच हातचे होते. कुणी हसत नव्हतं. माणिकराव टाळ्या वाजवायला उठले, तर तिने त्यांना खाली बसवलं. अर्धा तास सलग चालल्याशिवाय मशीन सुधारली म्हणायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता.

उकंडराव पुन्हा एकपासून सुरू झाले. ती मधून मधून चाटूने ठोकत राहिली. आवाज कुठेच तुटला नाही. तीनशेच्या पुढे माणिकरावच कंटाळले आणि आकडे सोडून दुसरं काही बोला म्हणाले. काय बोलू, असं उकंडरावांनी विचारलं.

"मी पुन्यात काय करत होती ते सांगा," बेबीबाई म्हणाली. "अकरा वर्सं पारावर सांगून राह्यले न. आज माइकवर सांगा."

ती माइकजवळच होती, त्यामुळे तिचं बोलणंही दोन्ही भोंग्यांनी जसंच्या तसं बाजारात आणि स्टेशनात पोचवलं. दारात उभ्या असलेल्या देवमनने मान वर केली. उकंडरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. भोंग्यांतून नुसती घरघर येत राहिली. पुन्हा गेली वाटते, असं माणिकराव घाबरून म्हणाले.

बेबीबाईने चाटूने माइकवर टकटक केलं. टकटक स्टेशनापर्यंत ऐकू गेली.

"मशीन चालू हाय, भाऊजी," ती म्हणाली. "बोला."