टीव्ही थांबवणारी मावशी

सुषमा आगिवले यांना राग लवकर येतो, असं पायरवाडीत सगळेच सांगतात. ते खरं नाही. त्यांना राग यायला साडेचार महिने लागले.

पायरवाडी म्हणजे लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली ठाकरांची चाळीसेक घरं. तिथल्या आठवीपर्यंतच्या शाळेत सुषमाबाई मुलांची खिचडी शिजवतात. सरकारी कागदावर त्या ‘स्वयंपाकी-तथा-मदतनीस’ आहेत, मुलांच्या तोंडी मावशी.

तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या सरांची बदली झाली. जागा रिक्त आहे, ही गोष्ट वरच्या लोकांनी ताबडतोब मान्य केली. ती भरायला हवी, एवढंच मान्य करायचं राहिलं. दरम्यान एका कारखान्याने शाळेला मोठा टीव्ही दिला आणि सोबत पेनड्राइव्ह. त्यात सहावी ते आठवीचं सगळं बीजगणित होतं, बल होतं, दाब होता, वीज होती. नव्हता फक्त माणूस. मुख्याध्यापक गुरव सर तिन्ही इयत्ता एका वर्गात बसवून टीव्ही लावून द्यायचे आणि चौथीच्या वर्गावर जायचे, कारण तिथले शिक्षकही तेच होते.

व्हिडिओतले सर निळ्या शर्टातले, गोरेगोमटे, अत्यंत सभ्य. त्यांच्याविरुद्ध कुणाची तक्रार नाही. प्रत्येक उदाहरण संपलं की ते हसून विचारायचे, “समजलं ना?” मग चार सेकंद थांबायचे आणि म्हणायचे, “छान! पुढे जाऊ या.”

त्या चार सेकंदांत सगळा वर्ग ओरडायचा, “न्हाऽऽई!”

पहिला आठवडा मुलं हे मनापासून ओरडली. पुढे त्याचा खेळ झाला. स्वयंपाकघर आणि वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि तिला खिडकी आहे. सुषमाबाईंनी साडेचार महिने दिवसातून पाचसहा वेळा ते ‘न्हाई’ ऐकलं आणि त्याच्या मागून येणारं ‘छान’सुद्धा.

“पोरं न्हाई म्हनत्यात आन् ह्यो छान म्हनतो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. किरण आगिवले लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर राखणीला असतात. बंगल्याचे मालक वर्षातून दोनदा येतात, त्यामुळे न ऐकणाऱ्या लोकांचा किरणला चांगला सराव आहे.

“टीव्हीला काय ऐकू येतंय व्हय?”

“त्याला न्हाई येत. मला येतंय ना!”

दुसऱ्या दिवशी त्या हातात उलथनं घेऊनच वर्गात शिरल्या आणि त्यांनी टीव्ही थांबवला. निळ्या शर्टातले सर तोंड अर्धं उघडं ठेवून गप्प झाले.

“काय न्हाई समजलं?”

 समजलं का, हे मुलांना रोज विचारलं जात होतं. काय नाही समजलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी त्यांची स्वतःची मुलगी हर्षदा उठली. “आये, ते x कुटनं आलं, तेच न्हाई समजलं.”

सुषमाबाई स्वतः सातवी पास. त्यामुळे x कुठून आलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा बघितला. पुन्हा मागे घेतला. व्हिडिओत पोहण्याचा तलाव होता आणि तो भरणारे दोन नळ. पायरवाडीत एक नळ आहे आणि त्याला पाणी एक दिवसाआड येतं. सुषमाबाईंनी तलाव रद्द केला.

“काल शाळेत एकूण पोरं एकोणपन्नास. लहान्याला शंभर ग्राम तांदूळ, मोठ्याला दीडशे. लागला सहा किलो शंभर. तर मोठी पोरं किती? म्हाईत न्हाई. ज्ये म्हाईत न्हाई त्येला x म्हना. तोंडावर नाव न्हाई म्हनून काय मानूस नसतो व्हय?”

मोठी मुलं चोवीस निघाली. वर्गातली डोकी मोजली, तीही चोवीस भरली. बीजगणित खरं बोलतं, याचा पुरावा पायरवाडीला प्रथमच मिळाला. त्या दिवशीची खिचडी मात्र खालून लागली.

मग हे रोजचंच झालं. दाबाच्या धड्यात व्हिडिओतला माणूस पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरत होता. सुषमाबाईंनी त्याला थांबवलं आणि चुंबळ आणली, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल गुंडाळी. मोळी तीच, पण नुसत्या डोक्यावर टोचते आणि चुंबळीवर नाही. वजन तेवढंच, जागा वाढली, दाब उतरला. हे त्यांच्या डोक्याला पंचवीस वर्षं ठाऊक होतं, सूत्र तेवढं आत्ता कळलं. ज्याचं उत्तर त्यांना येत नसे तिथे त्या तसं सांगत. “मला न्हाई येत. पुन्हा लाव.” दोन वर्षांत सहावी-सातवी-आठवीचे व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा बघितले की, निळ्या शर्टातले सर कुठे खोकणार हेही त्यांना पाठ झालं.

आणि मग तालुक्याच्या चाचणीत पायरवाडीची शाळा पहिल्या पाचांत आली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. गुरव सरांनी ते टेबलावर उघडंच ठेवलं होतं, सुषमाबाईंनी फडकं मारता मारता वाचलं. दृक्-श्राव्य माध्यमामुळे गुणवत्ता समाधानकारक असल्याचे दिसते, सबब गणित-विज्ञानाच्या रिक्त पदाची आवश्यकता राहिली आहे काय, याची अधिकारी भेट देऊन खातरजमा करतील. म्हणजे मुलं पास झाली, म्हणून त्यांना शिक्षक नको.

“सर, ह्यो टीव्ही न्हवं शिकवत!”

“मला माहितेय, मावशी. पण स्वयंपाकीण वर्गात जाते हे मी कुठल्या तोंडानं लिहू? नोटीस दोघांनाही येईल. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातच थांबा. साहेबांना दिसू नका.”

सुषमाबाईंनी ऐकलं. आदल्या दिवशी मुलांना मात्र बजावलं, “उद्या मी येनार न्हाई. ज्ये येत न्हाई त्ये येत न्हाई म्हनून सांगायचं. खोटं बोललात तर बगा.”

साहेब आले. नवा धडा लावायला सांगितला, हवेचा दाब. खुर्चीत बसून त्यांनी फोनवर दोन कामं उरकली. निळ्या शर्टातल्या सरांनी सांगितलं की, प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवेचा भार असतो, आणि विचारलं, “समजलं ना?” चार सेकंद गेले. वर्गात आवाज नाही. खुर्चीत साहेब होते ना.

साहेबांनी मान वर केली. “काय, समजलं ना?”

“होऽऽ सर!” चोवीस गळ्यांतून एकदम आलं. टीव्हीला नाही म्हणता येतं. साहेबाला कसं म्हणणार? साहेबाला हो म्हणायचं, हे मुलांना पहिलीपासून न चुकता शिकवलेलं होतं. त्या विषयाची जागा कधीच रिक्त नव्हती.

भिंतीपलीकडे सुषमाबाईंनी गॅस बंद केला.

वर्गात येऊन त्यांनी आधी टीव्ही थांबवला. गुरव सरांनी डोळे मिटले.

“संदेश, ऊठ. काय समजलं सांग साहेबांना.”

संदेश उठला, साहेबांकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. मावशी जास्त जवळ उभ्या होत्या. “काय न्हाई समजलं.” आणि मग धीर करून, “एवढा भार डोक्यावर हाय तर मान का मोडत न्हाई?”

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“खिचडीवाली. दोन वरीस ह्यास्नी मी शिकवतीय. टीव्ही न्हाई. त्यो पुढं पळतो, मी त्येला थांबवते.”

साहेब रागावतील असं गुरव सरांना वाटलं होतं. साहेबांचा चेहरा उजळला. “अहो, मग हे तर उत्तमच! लोकसहभाग! हेच तर आम्हाला हवं असतं. गुरव, यांना टीव्हीशेजारी उभं करून एक फोटो घ्या.”

सुषमाबाईंचा राग त्या क्षणापर्यंत टीव्हीवर होता, पत्रावर होता. आता त्याला तोंड सापडलं.

“फोटू कशाला? आता संदेशनं इचारलं त्येचं उत्तर मला येत न्हाई. टीव्हीला येतंय का इचारा. न्हायतर तुमी सांगा.”

साहेब म्हणाले, ते पुढच्या इयत्तेत आहे. पुस्तकात ते त्याच धड्यात, दोन पानं पुढे होतं.

“मंग लिवा,” सुषमाबाई म्हणाल्या. “मावशीला येत न्हाई. टीव्हीला इचारता येत न्हाई. हितं मानूस लागतो. लिवल्याबिगर उठू नका. गाडी खाली हाय आन् पोरांचे आयबाप रस्त्यालाच बसल्यात.” हे शेवटचं खोटं होतं. आयबाप कामावर गेले होते.

साहेबांनी लिहिलं.

महिन्याने आदेश आला. गणित-विज्ञानासाठी शेजारच्या शाळेतून एक शिक्षिका आठवड्यातून तीन दिवस येतील. आहार कर्मचाऱ्याने अध्यापन साहित्यास हात लावू नये.

त्या म्हणजे स्नेहल मॅडम. कामशेतच्या घरून स्कूटीवर येतात. पहिल्याच दिवशी संदेशने तोच प्रश्न विचारला. मॅडमनी फळ्यावर माणूस काढला, बाहेरून बाण, आतूनही तेवढेच बाण. बाहेरचा दाब आतल्या दाबाने तोलला जातो, म्हणून मान शाबूत. सुषमाबाईंनी खिडकीतून ते ऐकलं.

“दोन मिंटाचं काम,” त्या भांडी आपटत म्हणाल्या. “दोन मिंटाचं! आन् त्येला दोन वरीस!”

उरलेल्या तीन दिवशी टीव्ही लागतो. सुषमाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात आणि हर्षदाला ओरडून सांगतात कुठे थांबवायचं ते. गुरव सर आदेशाचा कागद घेऊन आले.

“सर, हात लावू नये म्हटलंय. माझा हात कुटं लागतोय?”

“पुढच्या पत्रात दारात उभं राहायलाही मनाई येईल, मावशी.”

“यिऊ द्या. तवर मला तीनाचे सहा दिवस करून पायजेत. अर्ज कुनाच्या नावानं करायचा, तेवढं सांगा.”

 गुरव सरांनी कागदाची कोरी बाजू वर केली, पेन काढलं आणि नाव लिहून दिलं.