यात्रेची गोळी

ओतूरच्या पेठेत आमचं नेहमीचं एक मेडिकल आहे. चैत्र लागला की तिथला दुकानदार आलेल्या बाईला "काय होतंय?" असं विचारत नाही. "कुठली यात्रा?" असं विचारतो. बाई हळूच गावाचं नाव सांगते. तो छताकडं बघून मनातल्या मनात मोजतो आणि म्हणतो, "मंग शुक्करवारपासनं चालू करा. दिवसातनं तीनदा, जेवल्यावर. पालखी देवळात गेली की बंद." कागदात गुंडाळलेली पट्टी बाईच्या पिशवीत जाते आणि पुढची बाई गावाचं नाव सांगते. आसपासच्या सगळ्या गावांच्या यात्रा त्याला तोंडपाठ आहेत. आमच्या पुजाऱ्यालासुद्धा एवढ्या नसतील.

ही गोळी पाळी पुढं ढकलायची. देवाचं काही असलं आणि नेमकी तेव्हाच घरातल्या बाईला अडचण येणार असली, तर तिच्या हातचा नैवेद्य चालत नाही. यात्रेची तारीख काही मागंपुढं होत नाही. मग पाळीच मागंपुढं होते.

मी मंचरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. हे सांगताना मी उगाच मान खाली घालत नाही, कारण ती पदवी मी एसटीत उभ्यानं प्रवास करून मिळवली आहे. घरी मात्र त्या पदवीचा उपयोग एवढाच, की आई रागावली की मला "मॅडम" म्हणते.

घर आमचं पिंपळवंडीच्या अलीकडच्या मळ्यात. घरात आई, भाऊ आणि वहिनी. भावाच्या लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. वहिनीला मूल हवं आहे. ती तसं बोलून दाखवत नाही, पण शेजारचं पोर कडेवर घेतलं की परत द्यायला ती उशीर लावते. नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडं तिचं औषधपाणी चालू होतं. पाळी वेळेवर येत नाही, आधी ती नियमित करू, मग पुढचं बघू, असं बाईंचं म्हणणं. असं बघता बघता दोन वर्षं गेली होती.

यंदा यात्रेच्या आधी मी चार दिवस लवकर घरी आले. चहा करायला फळीवरचा साखरेचा डबा काढला, तर त्याच्यामागं दोन पट्ट्या. एक गुलाबी, चकचकीत. दुसरी साधी, पांढरी.

"वहिनी, या कशाच्या?"

"ती गुलाबी व्हय? डाक्टरनी दिल्याली. पाळी यायची. आन ती पांढरी न्हाई यायची. यात्रंची, उद्या चालू करायची."

ती हे इतक्या सरळ म्हणाली, की मी आधी हसले. मग पट्ट्या उजेडात नेल्या. औषधांच्या पट्टीवर कंपनीनं ठेवलेलं नाव मोठं, रंगीत असतं आणि आतलं खरं औषध मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. दोन्ही पट्ट्यांवर ती मुंगीची अक्षरं एकच होती. औषध तेच, ताकद तीच. कंपन्या दोन, किंमत मात्र कुठच्या कुठं.

हे शक्य आहे. ही गोळी चालू असेपर्यंत पाळी थांबते आणि बंद केली की थोड्या दिवसांत येते. म्हणजे डॉक्टर ती बंद केल्यावर येणाऱ्या पाळीसाठी देत होत्या आणि आमच्या घरात ती चालू असताना थांबणाऱ्या पाळीसाठी खाल्ली जात होती. मी वहिनीला विचारत गेले. गौरी-गणपतीला घेतली? घेतली. नवरात्रात? घेतली. चुलत्यांच्या वास्तुशांतीला? मार्गशीर्षातल्या गुरुवारांना? सगळ्याला घेतली. बाई ज्या तारखा लिहून घेत होत्या, त्या वहिनीच्या अंगानं दिलेल्याच नव्हत्या. पंचांगानं दिलेल्या होत्या.

"अहो, पण तुम्ही कशाला ऐकता आईचं?" मी जरा आवाज चढवूनच बोलले.

वहिनी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "आईंचं न्हाई ताई. माझंच बरं पडतं. चार दिवस बाजूला बसले, की अख्ख्या वस्तीला कळतं. ह्या महिन्याला पण काय न्हाई. मंग एकेक येती इचारायला. गोळी खाल्ली की निदान सणाच्या दिवशी तरी कुणी तोंडाकडं बघत न्हाई."

हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. मूल राहत नाही हे लोकांना दिसू नये म्हणून ती अशी गोळी खात होती, की जिच्यामुळं मूल राहायची वेळच कळेनाशी झाली होती. कुणावर ओरडावं तेच कळेना. म्हणून मी दोन्ही पट्ट्या घेऊन ओतूरला गेले.

"भाऊ, ही आणि ही एकच आहे," मी काउंटरवर दोन्ही ठेवल्या.

"मंग? एकच हाय," दुकानदार शांतपणे म्हणाला. "ही डाक्टर लिहित्यात ती. ही आपली चालती ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, मी मेडिकल टाकलंय, किराणा न्हाई."

"आणि एकाच बाईला दोन्ही देता?"

"बाईला कुठं देतो? बाई कधी आली का हितं? पांढरी तुमच्या आई नेत्यात, गुलाबी तुमचा भाऊ नेतो. दोन्ही एकाच पोटात जात्यात ह्ये मला स्वप्नात दिसणार व्हतं का?"

खरंच होतं ते. जिच्या पोटात जायची, ती त्या काउंटरवर एकदाही उभी राहिली नव्हती.

"चिठ्ठीशिवाय ही देता येत नाही," मी म्हटलं.

"चिठ्ठी मागितली की बाया पलीकडच्या दुकानात जात्यात. आन त्याला यात्रंच्या तारखा पण धड म्हाईत न्हाईत. चुकीचं सांगितलं म्हंजी ऐन नैवेद्याला पंचाईत! त्यापरीस आमी बरे."

त्याच्या डोक्यावर नवाकोरा पंखा फिरत होता. पंख्याच्या दांडीवर पांढऱ्या गोळीच्या कंपनीचं नाव. मी त्याकडं बघतेय हे बघून तोच म्हणाला, "सीझनला येतं काय काय. यंदा पंखा." सीझन! आमच्याकडं कांद्याचा सीझन असतो, टोमॅटोचा असतो, आणि बायकांची पाळी थांबवायचाही असतो, हे पुण्यामुंबईच्या कुठल्या तरी कचेरीत बसून कुणीतरी बरोबर ओळखलं होतं. आमच्या गावची यात्रा त्यांच्या खपाच्या कागदावर असणार. त्या यात्रेत पोळ्या लाटणारी बाई त्यावर असणं शक्य नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला घेऊन नारायणगावला गेले. भाऊ म्हणाला, "मला यात्रंच्या बैलगाडा शर्यतीची प्रॅक्टिस हाय, तुमी दोघी जावा." दवाखान्यात बाया सकाळपासून बसलेल्या. मधूनमधून टाय लावलेली, काळी बॅग घेतलेली माणसं यायची आणि नंबर नसताना आत जायची. ती बाहेर आली की एक पेशंट, की पुन्हा एक बॅग. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "ह्यांना कसला आजार हाय गं, सारखे येत्यात?"

आत गेल्यावर मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट नाहीत. थकलेल्या होत्या. वहिनीकडं वळून म्हणाल्या, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

एरवी त्यांच्यासमोर मान वर न करणारी वहिनी म्हणाली, "तुमी इचारलं न्हाई."

बाईंनी वहिनीचा कागद उघडून मागच्या तारखांवर काट मारली. मग त्यांनी सांगितलं, की आता तीन महिने काहीही घ्यायचं नाही. ना आणायची गोळी, ना थांबवायची. पाळी जेव्हा येईल तेव्हा येऊ दे, तिची खरी चाल कळू दे. मला बरं वाटलं. तोवर त्यांच्या हातानं सवयीनं चिठ्ठी ओढली होती आणि त्यावर एक पावडरीचा डबा, एक पुडीचं पाकीट आणि कसलंसं टॉनिक उतरलंसुद्धा होतं.

"काहीच घ्यायचं नाही म्हणालात ना, मॅडम?"

"हे औषध नाही. हे सप्लिमेंट."

"कुठं मिळेल?"

"खालीच."

अर्थात खालीच. उठता उठता मी विचारलं, "आणि माझ्या भावाची तपासणी?"

"ती तर मी पहिल्याच वेळी सांगितली होती. मिस्टरांना पाठवा म्हणून. ती आधी करायची असते, साधी आहे."

मी वहिनीकडं बघितलं. ती जमिनीकडं. "मी घरी सांगितलं व्हतं," एवढंच म्हणाली. पुढं कुणी विचारलं नाही. भावानं नाही, आईनं नाही, दर महिन्याला वहिनीला तपासणाऱ्या बाईंनीही नाही. गोळीसाठी पंखा मिळतो, पावडरीसाठी बॅगवाला जिना चढून येतो. पुरुषाच्या एका तपासणीची आठवण करून द्यायला मात्र कुणी टाय लावून येत नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी वहिनीला अडचण आली. कुठल्याही गोळीविना, आपली आपण.

आई कपाळाला हात लावून बसली. "मॅडम, ह्ये तुमच्यामुळं. पुरण शिजत घातलंय आन आता लाटणार कोण?"

"मी लाटते."

"तू? तुझी पोळी देव खाईल, पर पावणं उठून जातील."

"आई, तिला मूल पाहिजे का तुला पोळ्या पाहिजेत?"

"मला दोन्ही पायजे!" आई ओरडली. मग मनगट चोळत खालच्या आवाजात म्हणाली, "तू शिकलीस गं कालिजात. आमचा देव न्हाई ना गेला तिथं." ते मनगट तिला आता लाटणं धरू देत नाही, हे मला माहीत आहे. तिच्याशी भांडताना हीच अडचण होते.

मी पोळ्या लाटल्या. निम्म्या फुटल्या. वहिनी मागच्या पडवीत बसून दारातून सांगत होती, "ताई, पीठ लई घट झालंय. पाण्याचा हात लावा." दुपारी शर्यतीच्या घाटातून बैलगाड्यांचा भोंगा ऐकू येत होता, तेव्हा शेजारची चुलती आली आणि सरळ पडवीकडं वळली.

"काय गं, ह्या महिन्याला पण बाजूलाच?"

मी पोळपाट सोडून उठणार, तेवढ्यात वहिनीचा आवाज आला. "व्हय काकू. ह्या महिन्याला पण. आन पुढच्या महिन्यालाबी बसंन, त्याच्या पुढच्यालाबी. आता इचारायला येऊ नका दर महिन्याला, मीच निरोप धाडीन."

चुलती पोळी न खाता गेली. आई पुटपुटली, "तोडून बोलायची काय गरज व्हती." पण ताट वाढून पडवीत तिनंच नेलं, आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून राहिली.

राहिला भाऊ. यात्रा उरकल्यावर मी आणि वहिनीनं त्याला धरलं. तो म्हणाला, "मला काय झालंय? मी गाडा धरतो, बैल आवरतो." तपासणीचा आणि बैलाचा संबंध मला आजवर कळलेला नाही. शेवटी कुरकुरत गाडीला किक मारून गेला. दुपारी परत आला तो हातात भलामोठा डबा घेऊन. डब्यावर दंड फुगवलेला माणूस.

"तपासणी?"

"अगं, तिथं लई बाया व्हत्या बाकावर. मी वाटंत एका मेडिकलवाल्याला इचारलं. तो म्हणला, तपासणी कशाला, आधी हा डबा तीन महिने घ्या. दुधातनं."

मी डोकं धरून बसले. बायकोनं दोन वर्षं काय काय गिळलं, आणि याला एका बाकावर बसवेना! कंपनीला आमच्या घरात अजून एक गिऱ्हाईक मिळालं, एवढीच काय ती प्रगती. मी भावाला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "तुला कळत न्हाई, मॅडम." आईचा शब्द आता त्यानंही उचलला.

वहिनीनं डबा उचलून गोठ्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून, डोक्याला रुमाल बांधून ती गाडीजवळ उभी राहिली.

"तू कुठं निघाली?" भाऊ म्हणाला.

"तुमच्यासंगं. बाया बसल्यात म्हणून लाजता ना? मी बसते त्यांच्यात. मला सवय हाय. तुमी आत जावा."

भावानं आईकडं बघितलं. आई अंगण झाडत होती. झाडतच म्हणाली, "जा की. काय जीव घेत्यात का तिथं."

ते गेले. तपासणी झाली. रिपोर्ट परवा मिळायचा आहे आणि मी अजून मंचरला परतलेले नाही. तो कसाही येवो, तीन महिन्यांची मुदत वहिनी पाळणार आहे. एवढ्यात मावशीकडच्या सत्यनारायणाचं बोलावणं आलं. तारीख नेमकी वहिनीच्या पुढच्या पाळीच्या आसपासची. आईनं माझ्याकडं बघितलं, मी वहिनीकडं.

"मावशींना सांगा," वहिनी लसूण सोलत म्हणाली, "सासू येईल, नणंद येईल. मी जमलं तर येईन, न्हाई तर न्हाई. आताच कसं सांगू?"