चौकातला पोऱ्या

"हळू रे भो, मना पोऱ्या उभा शे आठे!"

एरंडोल-धरणगाव रस्त्यावरच्या आमच्या चौकातून तुम्ही कधी मोटारसायकल दामटत गेला असाल, तर हा ओरडा तुम्हीही खाल्ला असेल. पदर खोचून, हात आडवा धरून रस्त्यात उभी राहणारी ती म्हातारी म्हणजे आमच्या अक्का. आता अक्का नाहीत. पण जाण्याआधी त्यांनी जे केलं, ते आठवलं की आजही माझ्या हातातली कात्री थांबते. मी शिंपी, दुकान ऐन चौकात, त्यामुळे सगळं या डोळ्यांनी बघितलंय.

पोऱ्या म्हणजे अक्कांचा एकुलता एक मुलगा. कापसाच्या जिनिंग कारखान्याला आग लागली, तेव्हा हा पठ्ठ्या आत शिरून एकेका हमालाला ओढून बाहेर काढत राहिला. त्यांत माझे वडीलही होते. शेवटी आत गेला, तो आलाच नाही. गल्लीने वर्गणी काढून चौकात एक खांब उभारला आणि त्यावर त्याचा फोटो लावला. सुरुवातीला एवढंच होतं हो! पुढे एका पुढाऱ्याने चौथरा बांधला, दुसऱ्याने छत्री. मग तिसरा काय मागे राहतो? त्याने मागच्या बाजूला पुरुषभर उंचीची विटांची भिंत बांधली आणि तिच्यावर पोऱ्याच्या नावाची संगमरवरी फरशी बसवली. खाली स्वतःचं नाव टाकायलाही विसरला नाही.

अक्का रोज सकाळी ती फरशी ओल्या फडक्याने पुसायच्या आणि पुसता पुसता तिच्याशी भांडायच्या. "वला व्हयना ना पाऊसमा? त्यास्ले सांगेल व्हतं मी, छत्री मोठी बांधा म्हणीसन!" मी मशीन थांबवून ऐकायचो. हसू यायचं.

एकदा रस्त्याचे साहेब टेप घेऊन आले. रस्ता अरुंद झालाय, स्मारक कडेला घेऊ म्हणाले. अक्का चौथऱ्यावर मांडी ठोकून बसल्या. "पहिले माले उचला." साहेबांनी चहा घेतला, टेप गुंडाळली आणि गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग सोनल गेली.

सोनल मागच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची मुलगी. त्याला तेवढीच एक. नर्सिंगला होती. सायकलवरून वळणावर आली आणि पलीकडून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला. मध्ये ती भिंत. ना हिला तो दिसला, ना त्याला ही. आवाज ऐकून मी धावत बाहेर गेलो आणि... बाप रे! नको. ते लिहवत नाही.

भिंत नसती तर पोर वाचली असती, हे चौकातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण अक्कांना सांगणार कोण? कुणाची जीभ उचलेना. आम्ही सगळ्यांनी ठरवल्यासारखं एकच सांगितलं, ड्रायव्हर पिऊन होता. सोनलचा बापही गप्प राहिला.

अक्कांचा संताप झाला. "त्या मेल्याले सोडाव नई मी!" म्हणत रिक्षा करून त्या ड्रायव्हरच्या गावाला गेल्या. दुपारी परतल्या. मी दुकानातून हाक मारली, तर वळूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या वेळी धाडकन आवाज झाला. बघतो तर काय, अक्का पहार घेऊन भिंत फोडताहेत! ज्या भिंतीवर कुणी पानाची पिंक टाकली तर अक्का त्याची सात पिढ्यांपर्यंत आई-बहीण काढायच्या, ती भिंत! चौक जागच्या जागी गोठला होता.

"अक्का, डोकं फिरलं का तुमचं?" मी ओरडलो.

"डोकं ठिकाणावर शे मनं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तो ड्रायव्हर काही पिएल नव्हता. भिंतआड पोर दिसनीच नई त्याले. मना पोऱ्या माणसं वाचाडता वाचाडता मरी गया रे! आते तोच लोकेस्ना पोरं मारी ऱ्हायना!"

एवढ्यात गर्दीतून वाट काढत सोनलचा बाप आला. त्याने रडत रडत पहार धरली. "अक्का, ऱ्हाऊ द्या. व्हयनं ते व्हयनं."

अक्का त्याच्याकडे बघतच राहिल्या. "तुले माहीत व्हतं?"

त्याने मान खाली घातली.

"तुनी पोर गई, आनि तू माले एक शबद बोलना नई?"

"तुमले कसं सांगू, अक्का? तुमले एकच पोऱ्या व्हता."

"आनि तुले कितल्या पोरी व्हत्यात रे?"

अक्कांनी त्याची बोटं पहारीवरून एकेक करून सोडवली.

"बाजूले व्हय. डोयामा दगडनी कपची जाई," त्या म्हणाल्या आणि पहार मुलाच्या नावावर घातली.