गुलाबरावांची मिशी आणि अण्णांचा हिराकस

हिराकसाची बरणी उघडी राहिली की हिरव्या खड्यांवर तांबूस गंज चढतो. किश्शांचंही तसंच; जितके जुने, तितका रंग! रिसोडला दामूअण्णांच्या काष्ठौषधीच्या दुकानातल्या बाकावर आमची बैठक असे. पहिल्या इलेक्शननंतरच्या दोनचार वर्षांतले हे किस्से मी त्या त्या दिवशीच टिपून ठेवले, म्हणून गंज जरा कमी.

* * *

हायस्कूलचे नवे सायन्स मास्तर आले. "कॉपर सल्फेट आहे का?"

"नाही," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी निळ्या बरणीकडे बोट दाखवलं. "मग हे काय?"

"हे मोरचूद. नाव बदललं का भाव बदलते, गुरुजी. कोन्त्या नावानं देऊ?"

मास्तर शिकलेले! त्यांनी मोरचूदच मागितलं.

* * *

आमच्यातले गुलाबराव संत्र्याच्या बागेचे मालक. विधुर. पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करायचा विचार होता, म्हणून पंचेचाळिशी बरीच वर्षं टिकवून ठेवलेली.

फवारणीचं मोरचूद त्यांनी लोखंडी घमेल्यात भिजवलं. घमेलं लालसर झालं. ते उचलून धावत दुकानात!

"अण्णा, लोखंडाचं तांबं झालं! सोयरे पाहाले येतीन, सारे भांडे असेच करतो!"

अण्णांनी अंगठा घासला. तांबं अंगठ्याला आलं आणि बुडाला भोकं दिसली.

"तांबं नाही, गुलाबराव, चाळनी झाली!"

* * *

जऊळक्याच्या सुभद्राबाईंना पाहायला जायचं ठरलं. पोट आत जावं म्हणून गुलाबरावांनी जुलाबाचं विलायती मीठ नेलं. मास्तर म्हणाले, "ते मॅग्नेशियम सल्फेट." एवढं मोठं नाव ऐकून श्रद्धा वाढली, आणि त्यांनी बैलाला देतात तेवढं घेतलं.

"काऊन गेले नाही जऊळक्याले?" अण्णांनी विचारलं.

"बाई पाहाले निघालो, अन् दिवसभर लोटा घेऊन वावरच पाहत राह्यलो!"

* * *

जऊळक्याहून निरोप आला: आता आले नाहीत, तर दुसरं स्थळ तयार आहे. गुलाबरावांचा चेहरा पडला. सुभद्राबाईंना त्यांनी बाजारात एका व्यापाऱ्याशी भाव करताना ऐकलं होतं. तेव्हापासून त्यांना दुसरी कोणी नकोच होती.

हिराकस आणि हिरड्याच्या काढ्याची काळी शाई तेव्हा घरोघर होत असे. तीच त्यांनी मिशीला चोपडली. रंग पक्का बसावा म्हणून मूठभर हिराकस जास्त!

जऊळक्याला सोबत मी होतो. सुभद्राबाईंनी चहा आणला. त्यांच्या भावाने विचारलं, "वय?"

"पंचेचाळीस," म्हणत गुलाबरावांनी कप तोंडाला लावला. मिशी चहात बुडाली. हिराकसाला हिरडा काय अन् चहा काय, दोन्ही तुरट, सारखेच! चहा काळानिळा झाला आणि मिशीत पांढरा पट्टा उगवला. भाऊ उठायला लागला.

सुभद्राबाईंनी वाकून कपात पाहिलं.

"दादा, बस ना. शाई त यायनं संगंच आनली. कागद आन, लग्नाची यादी करून टाकू!"